बाजारातली चिप लढाऊ विमानात कशी जाते

आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स शिकवताना प्रत्येक बॅचमध्ये एक तरी पोरगा हा प्रश्न विचारतोच. "सर, मोबाइलात एवढी भारी चिप रायते, मंग लढाऊ इमानात तेच काहून नाई लावत?" विमानातला कॉम्प्युटर म्हणजे सरकारनं कुठंतरी गुपचूप बनवलेली, बाजारात कधीच न येणारी वस्तू, असं त्याच्या डोक्यात असतं. उत्तर ऐकून त्याचा जरा हिरमोड होतो. लावतात. अगदी फोनातलीच नाही, पण गेली तीसेक वर्षं बहुतेक नव्या लढाऊ विमानांचे प्रोसेसर बाजारातल्याच घराण्यांतून येतात. आपल्या तेजस एमके-१एच्या उड्डाण-नियंत्रण संगणकातला पॉवरपीसी प्रोसेसर हा ज्या घराण्यातला आहे, त्यातलेच प्रोसेसर एकेकाळी ॲपलच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये होते.

आधी मात्र सगळं उलटं होतं. १९६० च्या दशकात इंटिग्रेटेड सर्किट, म्हणजे चिप, हा प्रकार इतका महाग होता, की घेणारे मोठे गिऱ्हाईक अमेरिकेत मोजून दोन: मिनिटमन क्षेपणास्त्र आणि चंद्रावर निघालेलं अपोलो. एफ-१४ या अमेरिकी लढाऊ विमानासाठी १९७० च्या सुमारास चिप्सचा एक संच तयार झाला होता. उंची आणि वेग मोजून विमानाचे पंख किती वळवायचे याचा हिशेब तो करायचा. एकाच चिपमधला पहिला प्रोसेसर म्हणून गाजलेली इंटेलची ४००४ चिप १९७१ ची, म्हणजे त्यानंतरची. पण लष्करी गुपित म्हणून हे काम १९९८ पर्यंत जगाला नीट कळलंच नाही. १९८० मध्ये अमेरिकी हवाई दलाने १७५०ए नावाची स्वतःची १६ बिटी प्रोसेसर-रचनाच ठरवून टाकली आणि कंपन्यांना सांगितलं, याबरहुकूम चिप बनवा.

मग घरोघरी कॉम्प्युटर आले आणि पारडं फिरलं. १९९० च्या दशकात जगातल्या एकूण चिप-विक्रीत लष्कराचा वाटा टक्क्या-दोन टक्क्यांवर घसरला. एवढ्याशा गिऱ्हाइकासाठी वेगळी उत्पादन-रांग कोण चालवणार? लष्करी चिप्स महाग तर होत्याच, वर बाजारापेक्षा दोन-तीन पिढ्या मागे राहायला लागल्या. जून १९९४ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी आदेश काढला: जिथे बाजारातल्या वस्तूने आणि बाजारातल्या मानकाने भागतं तिथे तेच वापरा, लष्करी मानक हवं असेल तर कारण द्या. गंमत म्हणजे त्याच वर्षी इंटेलच्या पेंटियममध्ये भागाकार चुकण्याचा दोष सापडला आणि जगभर बोंब झाली. सगळ्यात नावाजलेली बाजारू चिप भागाकारात चुकते, आणि तिकडे हुकूम निघतो की बाजारातलं घ्या. अभियंत्यांच्या पोटात गोळा आला असेल तर नवल नाही.

आता बाजारातून घेतलेल्या चिपचं पुढे काय करतात ते पाहू. चिपच्या आतल्या सिलिकॉनला कुणी हात लावत नाही. बदलतं ते तिच्या भोवतालचं सगळं: डाग (म्हणजे सोल्डरचा जोड), थंडावा, पेटी, प्रोग्राम आणि साठवणीची खोली.

पहिला मुद्दा तापमानाचा. आपल्याकडे नवतप्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीला पारा ४७ च्या आसपास गेला की दुचाकीच्या हँडलला लावलेला फोन "तापमान जास्त" असं दाखवून बंद पडतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. बाजारात साध्या वापराची चिप ० ते ७० अंश सेल्सिअससाठी विकली जाते. कारखान्यांतल्या यंत्रांसाठीची उणे ४० ते ८५, आणि लष्करी प्रतीची उणे ५५ ते १२५. उणे ५५ उगाच ठरवलेलं नाही, अकरा किलोमीटर उंचीवर हवेचं सरासरी तापमान साधारण उणे ५६ असतं. वरच्या टोकालाही हिशेब आहे. मिल-स्टँडर्ड-८१० या अमेरिकी चाचणी-मानकात कोरड्या, तापट प्रदेशासाठी बाहेरची हवा ४९ अंश धरतात, आणि उन्हात बंद ठेवलेल्या पेटीच्या आत ७१. चंद्रपूरचा मे महिना त्यापासून फार लांब नाही. बरं, हे ७१ चिपच्या भोवतालचं. चिप चालू झाली की स्वतःच्या उष्णतेने तिच्या पोटातलं तापमान आणखी वर जातं.

मग ७० अंशांपर्यंतची चिप तिथे चालते कशी? एकाच सिलिकॉनच्या चकतीवर शेकडो चिप्स एकदम तयार होतात, पण सगळ्या सारख्या निघत नाहीत. एकाच वावरातला पहिल्या वेच्याचा कापूस आणि फरदड यांचा भाव जसा एक नसतो, तशी चिप्सचीही प्रतवारी होते: काही जास्त वेग सोसतात, काही जास्त ताप, काही कमी विजेत चालतात. कारखाना तपासून वेगवेगळे शिक्के मारतो. विमानाचे अभियंते त्यातून शक्यतो कारखानी किंवा मोटारीच्या वापराची प्रत उचलतात आणि पुन्हा स्वतः चाळणी लावतात. भट्टीत आणि गोठवणीच्या कपाटात आलटून-पालटून घालून, चालू ठेवून, कोण दम तोडतं ते पाहतात. जी कच्ची निघायची ती पहिल्या काही तासांतच निघते. वर आणखी एक साधी युक्ती: चिप तिच्या पूर्ण वेगाने पळवतच नाहीत. वेग कमी केला की उष्णता कमी होते आणि तापमानाला मोकळीक मिळते. म्हणून कागदावर पाहिलं तर विमानातला प्रोसेसर आपल्या लॅपटॉपपुढे मरतुकडा वाटतो.

जुन्या लष्करी चिप्स चिनी मातीच्या डबीत, वरून धातूचं झाकण डागून हवाबंद करून यायच्या. बाजारातल्या चिप्स काळ्या प्लास्टिकात ओतलेल्या असतात, आणि हे प्लास्टिक हवेतली ओल शोषतं. ओल धरलेली चिप बोर्डावर डागायला भट्टीत घातली की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि प्लास्टिक तडकतं. या कामातले लोक त्याला 'पॉपकॉर्न' म्हणतात. म्हणून या चिप्स ओल शोषणाऱ्या पुडीसकट हवाबंद पिशवीत येतात, आणि पिशवी फार वेळ उघडी राहिली तर डागण्याआधी भाजून घ्याव्या लागतात. बोर्ड तयार झाला की त्यावर पातळ पारदर्शक लेप देतात, म्हणजे दमट हवा, खारा वारा आणि बुरशी आत शिरत नाही.

थंडाव्याचं गणित मला सगळ्यात आवडतं, कारण तिथे घरगुती अक्कल पुरती फसते. चिप तापली, पंखा लावा. पण पंखा हवा फेकतो, आणि पन्नास हजार फुटांवर हवेची घनता जमिनीवरच्या साधारण सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढी उरते. पंखा गरगर फिरेल, वाहून न्यायला हवाच नसेल. खाली असताना तोच पंखा धूळ आणि ओल आत ओढेल, शिवाय फिरणारी वस्तू कधीतरी अडकणारच. म्हणून लढाऊ विमानातल्या बऱ्याच पेट्यांत बोर्डावर पंखाच नसतो. चिपच्या पाठीला धातूची जाड पाटी चिकटवलेली असते, पाटीच्या कडा पेटीच्या खाचेत जातात आणि तिथे पाचरीसारखे खिळे आवळून त्या घट्ट दाबल्या जातात. उष्णता चिपमधून पाटीत, पाटीतून पेटीच्या भिंतीत, भिंतीतून थंड द्रवाच्या नळ्यांत जाते. अलीकडच्या विमानांत ती शेवटी कुठे जात असेल? टाकीतल्या इंधनात. जळायच्या आधी इंधनाकडून उष्णता वाहून नेण्याचं कामही करून घेतात.

हादऱ्यांचं थोडक्यात सांगतो. इंजिन, तोफ, धावपट्टीवर आदळणं, तीव्र वळण, हे सगळं बोर्डाला सोसायचं असतं. लॅपटॉपात रॅमची पट्टी खाचेत दाबून बसवतात. विमानात तीच मेमरी थेट डागतात, कारण दाबून बसवलेलं काहीही हादऱ्याने सैल होतं. चिपच्या पोटाखाली चिकट रसायन भरतात, म्हणजे डागांवरचा ताण वाटला जातो. वीजही घरच्यासारखी नसते: २८ व्होल्ट डीसी, किंवा ४०० हर्ट्झची ११५ व्होल्ट एसी. त्यासाठी वीजपुरवठ्याचा बोर्ड वेगळाच बनवावा लागतो.

डागकामाकडे मात्र जरा थांबावं लागेल. आर्वीच्या किंवा काटोलच्या बसस्टँडसमोर मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेलात, तर 'रिबॉलिंग' हा शब्द तुमच्या कानावर पडेल. आजकालच्या मोठ्या चिपला बहुधा पाय नसतात. तिच्या पोटाला कथलाचे बारीक गोळे असतात आणि त्यांवरच ती बोर्डाला चिकटते. हा गोळा तडकला की दुकानदार गरम हवेच्या गनने चिप उचलतो, जुने गोळे पुसतो, जाळीच्या साच्यातून नवे बसवतो आणि चिप पुन्हा डागतो. लढाऊ विमानांचे बोर्ड बनवणाऱ्या कंपन्या नव्याकोऱ्या चिपवर हेच काम करतात. कारण असं: जुलै २००६ पासून युरोपने विजेच्या वस्तूंमध्ये शिशाला बंदी केली आणि जगभरच्या चिप-कारखान्यांनी शिशाचा डाग सोडला. लष्करी सामानाला या बंदीतून सूट होती, पण सूट घेऊन करता काय, कारखानाच शिसं वापरत नाही! आणि शिशाविना निव्वळ कथलाची एक खोड आहे. त्याच्या पृष्ठभागावर कालांतराने केसासारखे बारीक धातूचे तंतू आपोआप उगवतात. एखादा तंतू शेजारच्या जोडाला टेकला की शॉर्ट. फोन दोन-तीन वर्षांत टाकून देतात, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नाही. तीस वर्षं उडणाऱ्या विमानाला ते परवडत नाही. म्हणून काही ठिकाणी बिनशिशाचे गोळे काढून कथिल-शिशाचे बसवतात, आणि मग क्ष-किरणांखाली एकेक डाग तपासतात. दुकानातली कला तीच, फरक कागदपत्रांचा आणि तपासणीचा.

आता आकाशातून येणाऱ्या त्रासाकडे वळू. अवकाशातले किरण वातावरणावर आपटून न्यूट्रॉन तयार करतात. जमिनीवर ते थोडेच पोचतात, बारा किलोमीटरवर मात्र त्यांचं प्रमाण काही शे पट असतं. असा एखादा न्यूट्रॉन मेमरीच्या एका घरात घुसला तर तिथल्या शून्याचा एक होतो. चिप बिघडत नाही, फक्त खोटं बोलते. १८ मे २००३ रोजी बेल्जियममधल्या स्कारबेक इथे मतदानयंत्रावर एका उमेदवाराला ४०९६ मतं जादा पडली. आकडा शक्यच नव्हता म्हणून चूक ध्यानात आली. ४०९६ म्हणजे दोनचा बारावा घात, मेमरीचं एकच घर, म्हणजे एक बिट, उलटल्याची खूण. संशय अशाच किरणावर गेला.

विमानात त्यावर दोन बंदोबस्त असतात. मेमरीत दर ६४ बिटांमागे ८ बिट जादा ठेवतात, त्यांच्या हिशेबावरून एक बिट उलटला तर तो जागच्या जागी सुधारतो आणि दोन उलटले तर निदान कळतं. दुसरा बंदोबस्त म्हणजे पंचायत. तेजसचा उड्डाण-नियंत्रण संगणक चौपदरी आहे: चार वाहिन्या तोच हिशेब करतात, आणि एकीचं उत्तर वेगळं आलं तर बाकीच्या तिला बाजूला सारतात. हे एवढं काटेकोर का, तर तेजस मुद्दाम अस्थिर घडवलेलं विमान आहे. चपळाईसाठी. संगणकाने क्षणोक्षणी तोल सावरला नाही तर वैमानिकाच्या हातून ते सांभाळलं जाणार नाही.

इथूनच बाजारू प्रोसेसरचा मला वाटतो तो सगळ्यात अवघड दोष सुरू होतो, आणि त्याबद्दल लोक कमी बोलतात. फोनातला प्रोसेसर सरासरीने वेगवान असतो. लागणारा डेटा जवळच्या कॅश मेमरीत सापडला तर काम झटकन होतं, नाही सापडला तर लांबच्या मेमरीकडे जावं लागतं आणि वेळ कित्येक पटींनी वाढतो. व्हिडिओ बघताना एखादी चौकट अडखळली तर आपण नाक मुरडतो आणि विसरतो. विमानात पंखावरचे पृष्ठभाग सेकंदाला अनेक डझन वेळा हलवायचे असतात आणि प्रत्येक वेळी उत्तर ठरलेल्या मिलिसेकंदांच्या आत यावं लागतं. तिथे सरासरीला कुणी विचारत नाही, सगळ्यात वाईट दिवशी किती वेळ लागेल ते सिद्ध करून दाखवावं लागतं.

एका चिपमध्ये चार-आठ कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे हिशेब करणारे भाग, आले आणि हे सिद्ध करणं आणखी बिकट झालं. मेमरीकडे जाणारा रस्ता सगळ्या कोअरना सामायिक असतो. नकाशा दाखवणाऱ्या कोअरने रस्ता अडवला की तोल सांभाळणारा कोअर ताटकळतो, आणि किती ताटकळेल ते चिप बनवणाऱ्यानेही कधी नीट मोजलेलं नसतं, कारण त्याच्या गिऱ्हाइकाला त्याची गरजच नाही. २०१६ मध्ये विमान-प्रमाणन करणाऱ्या देशोदेशींच्या यंत्रणांच्या गटाने यावर खास टिपण काढलं: कोअर एकमेकांच्या आड कुठे-कुठे येतात ते शोधा, आवरा आणि दाखवा. व्यवहारात बऱ्याचदा एक सोडून बाकी कोअर बंदच ठेवतात. पैसे आठ कोअरचे मोजायचे आणि वापरायचा एक, हे ऐकून पोरं हसतात. पण तो एक नक्की कधी उत्तर देईल हे माहीत असतं, आणि पैसे त्याचेच आहेत. शिवाय प्रोग्रामही डीओ-१७८सी या विमानातल्या सॉफ्टवेअरच्या मानकातून जावा लागतो. त्याच्या सर्वोच्च पातळीवर कोडमधला प्रत्येक निर्णय तपासल्याचा पुरावा द्यावा लागतो.

उष्णता, हादरे, न्यूट्रॉन, कॅश, या सगळ्यांवर इंजिनिअर तोड काढतो. ज्याच्यावर धड तोड निघत नाही ते म्हणजे कॅलेंडर. बाजारात चिपचं आयुष्य तीन-पाच वर्षं. लढाऊ विमान आखायलाच दहा-पंधरा वर्षं जातात आणि मग ते तीस-चाळीस वर्षं उडतं. अमेरिकेच्या एफ-२२ साठी इंटेलचा आय-९६० घराण्यातला प्रोसेसर निवडला गेला. विमान २००५ च्या डिसेंबरात सेवेत आलं, आणि तोवर ती चिप बाजारातून उठलीही होती. आधीच साठा विकत घेऊन ठेवावा लागला आणि पुढे पॉवरपीसीकडे वळावं लागलं. पॉवरपीसीचं नशीबही बघा. १९९९ च्या सुमाराला ॲपलच्या कॉम्प्युटरमध्ये आलेल्या जी-४ प्रोसेसरमध्ये एका फटक्यात अनेक आकड्यांवर हिशेब करण्याची सोय होती. ती फोटो आणि व्हिडिओसाठी होती, पण रडारचे सिग्नल चाळणाऱ्यांना ती जणू आपल्यासाठीच केलीय असं वाटलं, आणि लष्करी बोर्डांवर तिचा सुळसुळाट झाला. २००५ मध्ये ॲपलने इंटेलकडे जायचं जाहीर केलं. २००८ मध्ये तर कमालच झाली. पी. ए. सेमी नावाच्या छोट्या कंपनीचा नवा पॉवरपीसी प्रोसेसर संरक्षण कंपन्यांनी आपल्या बोर्डांवर घ्यायला सुरुवात केली होती, आणि ॲपलने ती कंपनीच विकत घेतली. ॲपलला तो प्रोसेसर नको होता, त्यातले अभियंते हवे होते, फोनच्या चिप्ससाठी. लढाऊ विमानाच्या आराखड्याखालची सतरंजी फोनवाल्यांनी ओढली.

म्हणून शेवटची खरेदी नावाचा प्रकार असतो. कंपनी कळवते, अमुक चिप बंद होतेय, शेवटची मागणी नोंदवा. मग पुढच्या वीस-तीस वर्षांत किती लागतील याचा अंदाज बांधून एकदम घेतात आणि कोरड्या नायट्रोजनच्या कपाटात जपतात. अंदाज कमी पडला तर दलालांच्या बाजारात शोध सुरू होतो, आणि तिथे नकली माल असतो: भंगारातल्या बोर्डांवरून उखडलेल्या, घासून नवा शिक्का मारलेल्या चिप्स. २०१२ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीने अशा संशयित मालाची साधारण १८०० प्रकरणं उघड केली. नग दहा लाखांवर होते, आणि सी-१३०जे, पी-८ए अशा विमानांच्या सामानापर्यंत ते पोचले होते. भारतीय हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. दुरुस्ती आणि सुट्या भागांचा संसार तिथून चालतो. जुनं विमान चालू ठेवणं हे किती पुढचं बघायचं काम आहे, ते यावरून कळावं.

आपल्याला बाजारू चिपचा एक जास्तीचा फायदा होता. खास लष्करी चिप घ्यायची तर दुसऱ्या देशाचा परवाना लागतो, आणि तो कधीही अडतो. मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लावले, तेव्हा तेजसच्या उड्डाण-नियंत्रणाचं तिथे चाललेलं संयुक्त काम थांबलं. आपल्या लोकांनी ते इथे तडीस नेलं आणि ४ जानेवारी २००१ ला पहिलं उड्डाण झालं. एमके-१एसाठी बंगळुरूच्या एडीई या प्रयोगशाळेने बनवलेला नवा संगणक १९ फेब्रुवारी २०२४ ला तेजसवर पहिल्यांदा उडाला. संगणक आपला, प्रोग्राम आपला, प्रोसेसरचं घराणं मात्र बाहेरचं.

मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत इस्रोच्या अग्निबाणांसाठी बनणारा विक्रम-३२०१ हा प्रोसेसर या बाबतीत दुसऱ्या टोकाला आहे. ३२ बिटी, उणे ५५ ते १२५ अंशांचा, १८० नॅनोमीटर तंत्रावरचा (हा आकडा जितका लहान, तितकी चिपची आतली रचना बारीक). हे तंत्र १९९९-२००० च्या आगेमागचं, आजच्या महाग फोनातली चिप ३ नॅनोमीटरच्या घरातली. वेगात तुलनाच नको. पण तोल सांभाळणाऱ्या हिशेबाला अफाट वेग लागतही नाही, आणि स्वतःच्या कारखान्यातली चिप वीस वर्षांनी पुन्हा ओतून मागता येते. रडार आणि पडद्यांना मात्र वेग हवाच. तिथे बाजाराच्या मागे धावणं सुटत नाही, म्हणून आजकाल पेटीच अशी आखतात की पाच-दहा वर्षांनी नुसता प्रोसेसरचा बोर्ड काढून नवा सरकवता यावा आणि बाकी विमानाला ते कळूही नये.